लग्नाआधीचा करार : एक वेबसाइट, दोन वकील, तीन आकडे

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझं वय ३६. भावासोबत माझी डिझाइनची छोटी कंपनी आहे, निम्मी त्याची, निम्मी माझी. ज्याच्याशी लग्न करतेय तो नोकरी करतो. त्याच्या नावावर घर आहे, घरावर कर्ज आहे आणि पहिल्या लग्नातली नऊ वर्षांची मुलगी आहे. विवाहपूर्व करार करायचा यावर आमचं एकमत आहे, वाद आहे तो खर्चावर. एका वेबसाइटवर फॉर्म भरला की करार तयार मिळतो, जवळपास फुकटात. एक वकील ठोक फी सांगतात. दुसऱ्या वकीलबाई तासावर फी लावतात आणि त्यांचा अंदाज पहिल्यांच्या चौपट जातो. एवढा फरक कशाचा? आणि दोघांनी मिळून एकच वकील केला तर खर्च निम्मा नाही का होणार? लग्नाला पाच महिने आहेत.

उत्तर : पाच महिने हातात ठेवून विचारलंत, हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी हॉल ठरवतात, पत्रिका छापतात आणि मग करार आठवतो. घाईच्या कामाची फी जास्त पडतेच, पण खरं नुकसान वेगळं असतं. त्याबद्दल पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

मी बरीच वर्षं असे करार कोर्टात पाडायचं काम केलं. अशिलाचा घटस्फोट उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूने करार पुढे केला, की तो कुठून फुटेल हे शोधायचं. आता करार लिहून देते, पण ती नजर गेलेली नाही. करार फोडणारा वकील आतली कलमं पहिल्यांदा वाचतच नाही. तो विचारतो, सही कधी केली? लग्नाच्या किती आधी? माझ्या अशिलाला स्वतःचा वकील होता का? समोरच्याकडे काय काय आहे हे तिला तेव्हा कळलं होतं का, आणि कळलं होतं याचा कागद कुठे आहे? या प्रश्नांची उत्तरं चोख असतील तर तो निम्मा गार पडतो. तुम्ही जी फी भरणार आहात ती या उत्तरांसाठी. सुंदर टाइप केलेली पानं त्यासोबत येतात, इतकंच.

या नजरेने तुमचे तीन आकडे बघा. वेबसाइटवाल्याच्या आकड्यात फक्त कागद आहे. ठोक फीवाल्यांच्या आकड्यात कागद आणि ठरावीक वेळ. तासावरच्या बाईंनी समोरच्या वकिलाशी होणारी ओढाताण, दुरुस्त्या, तुमच्या कंपनीची कागदपत्रं वाचणं हे सगळं गृहीत धरलेलं असणार. फरक तिथला आहे.

पण आकड्यांच्या आधी एक बिनखर्चाचं काम करा. तुमचं लग्न आणि पुढचं राहणं ज्या देशात आहे, तिथला कायदा अशा कराराला किती मान देतो ते विचारून घ्या. हे जागेगणिक इतकं बदलतं की एकीकडचा खर्चाचा अंदाज दुसरीकडे लागूच पडत नाही. जर्मनीत हा करार नोटरीपुढे, दोघांनी एकाच वेळी हजर राहून करावा लागतो. तिथला नोटरी कायदा शिकलेला असतो आणि दोन्ही पक्षांना तटस्थपणे समजावून सांगणं ही त्याची जबाबदारी असते. त्याची फी कायद्याने ठरलेली आहे, ती दोघांच्या मालमत्तेच्या रकमेवर निघते. चार नोटरी फिरून स्वस्त कोण ते शोधण्यात तिथे अर्थच नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका जर्मन उद्योगपती घराण्यातल्या बाईच्या खटल्यात अशा कराराला मोठं वजन दिलं, तरी तो आपोआप बंधनकारक नाही. अन्याय होतोय असं वाटलं तर न्यायाधीश बाजूला ठेवू शकतात. अमेरिकेत १९८३ चा एक नमुना कायदा जवळपास निम्म्या राज्यांनी स्वीकारला आहे, उरलेल्यांचे नियम त्यांचे त्यांचे. भारतात गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधीच्या कराराला रीतसर जागा आहे. इतरत्र तसा खास कायदा नाही आणि करार कायद्याच्या कलम २३ खाली, सार्वजनिक धोरणाच्या मुद्द्यावर, तो उडू शकतो. अशा ठिकाणी त्याचा उपयोग मुख्यतः लग्नाच्या वेळी कोणाकडे काय होतं याचा पुरावा म्हणून. तेवढ्यासाठी चौपट फी भरायची का, हे तुम्ही ठरवायचं. माझं मत विचाराल तर नाही.

कराराला वजन असलेल्या देशात आहात असं धरून पुढे जाते.

एक वकील दोघांना? नाही. खर्च निम्मा होईल हे खरं, पण करार पाडणाऱ्याला तुम्ही पहिला दगड स्वतःच्या हाताने देताय. एका वकिलाला एकाच बाजूचं भलं पाहता येतं. तुमच्या कंपनीचं रक्षण करणारं प्रत्येक वाक्य तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा काहीतरी हक्क कमी करतं. न्यूझीलंडच्या १९७६ च्या कायद्यात प्रत्येकाला स्वतंत्र सल्ला मिळालाच पाहिजे, आणि सल्ला देणाऱ्या वकिलाने सहीला साक्षीदार राहून, परिणाम समजावून सांगितले असं लिहून द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियातही दोन्ही बाजूंच्या वकिलांची अशी लेखी निवेदनं लागतात. कॅलिफोर्नियात एखाद्याने पोटगीचा हक्क सोडला आणि त्याला स्वतःचा वकील नव्हता, तर तेवढं कलम टिकत नाही.

लोक मला विचारतात, दुसऱ्या वकिलाने नुसतं वाचून सही करायची, त्याची एवढी फी कशी? ती एक पानी सही सगळ्यात जोखमीची असते. पंधरा वर्षांनी करार फुटला तर नुकसान झालेला पक्ष त्या वकिलावरच दावा लावतो, की मला नीट सांगितलं नाहीस. म्हणून बरेच वकील हे काम घेतच नाहीत, आणि घेणारे त्या जोखमीचे पैसे लावतात. फारच स्वस्तात सही करून देणारा भेटला तर त्याने कराराचं शेवटचं पान तरी वाचलं का, ते विचारा.

आता जिथे तुमचं बिल खरोखर फुगणार आहे तिकडे येऊ. कंपनी.

दोघांनीही आपल्याकडे काय आहे आणि काय देणं आहे हे पूर्ण उघड करायला हवं. बँकेतले पैसे, कर्ज, विमा यांचे उतारे जोडले की झालं. पण कंपनीतल्या निम्म्या हिश्श्याची किंमत कोण सांगणार? रीतसर मूल्यांकन करून घेतलं तर त्या तज्ज्ञाची फी वकिलाच्या फीच्याही वर जाऊ शकते. दर वेळी त्याची गरज नसते. करारात अंदाजी किंमत लिहा, ती कशावरून काढली ते लिहा, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद जोडा आणि आकडा वरच्या बाजूला ठेवा. जास्त सांगितलं म्हणून सहसा कोणी कोर्टात रडत नाही. कमी सांगितलं की करार तिथेच लंगडा होतो. तुमच्या वकिलाला हा मार्ग मान्य आहे का ते पहिल्याच भेटीत विचारा, कारण याच एका उत्तराने आकडा खूप खाली येतो.

आणि भावाशी बोललात का? पत्रात त्याचा उल्लेख एकाच ओळीत आहे. कंपनीचा हिस्सा घराबाहेर जाऊ नये एवढीच मुख्य काळजी असेल, तर तिचा बराचसा बंदोबस्त भागधारकांच्या करारात होतो : हिस्सा विकायचा झाला तर आधी दुसऱ्या भागधारकाला, आणि अमुक पद्धतीने काढलेल्या किमतीला. हे काम कंपनीचा वकील करेल, तो खर्च कंपनीचा आणि तुम्हाला तो तसाही कधीतरी करायचाच होता. मग विवाहपूर्व करारातलं कंपनीचं कलम दोन परिच्छेदांत आटोपतं.

घराचं मात्र असं नाही. घर त्याचं, कर्ज चालू, आणि लग्नानंतर तुम्ही दोघं त्यात राहणार. हप्ता कोणाच्या पगारातून जाईल? तुमच्या नफ्यातून गेला तर घरात तुमचा वाटा तयार होतो का? तुम्ही हप्ता भरला नाहीत पण घरखर्च सगळा उचललात, म्हणून त्याला हप्ता झेपला, तर? घराची किंमत वाढली तर वाढ कोणाची? पाहिलेल्या भांडणांपैकी सगळ्यात कडू भांडणं याच जागेवर झाली. घर सुरुवातीला कोणाचं होतं याबद्दल कोणाचंच दुमत नसायचं. मधल्या वर्षांचा हिशोब कोणी ठेवलेला नसायचा. हे चार प्रश्न वकिलासमोर बसून तासाच्या मीटरवर सोडवू नका. घरी, दोघांनी, दोन-तीन संध्याकाळी बसून सोडवा आणि उत्तरं साध्या भाषेत एका कागदावर लिहा. आम्ही वकील त्याला कायद्याची भाषा देऊ, ते आमचं काम. तुमच्यातला ‘तू आधी सांग’, ‘नाही, तू सांग’ ऐकण्याचेही आम्ही पैसे घेतो, आणि मला स्वतःला ते घेताना वाईट वाटत नाही.

वेबसाइटचा फॉर्म इथे कामाला येतो. त्यातले प्रश्न चांगले असतात. ते वाचा, उत्तरं काढा, पण त्यातून छापून आलेल्या कराराखाली सह्या करू नका. कंपनी, कर्जाचं घर आणि आधीचं मूल असलेल्या जोडप्याला तो पुरणार नाही.

मुलीबद्दल. तिचा ताबा, तिचा खर्च, किंवा पुढे तुम्हाला मुलं झाली तर त्यांचा ताबा आणि खर्च, यावर करारात काहीही लिहायला पैसे मोडू नका. मुलांचं हित कोर्ट त्या वेळची परिस्थिती बघून ठरवतं, आईबापांनी आधी काय लिहून ठेवलं त्याला बांधलेलं नसतं. पण त्या घरात तिला वारसा मिळावा असं तिच्या वडिलांना वाटत असेल, तर त्यांना नवं मृत्युपत्र लागेल. काही देशांत लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. ठोक फीत मृत्युपत्र धरलंय का, विचारा, बहुधा नसेल.

राहता राहिली निवड. ठोक फीवाल्यांना विचारा : यात किती मसुदे, समोरच्या वकिलाने दुरुस्त्या पाठवल्या तर त्या याच पैशात का, आणि सहीच्या दिवशी हजर राहण्याचे वेगळे का? तासावरच्या बाईंना विचारा : काम स्वतः करणार की हाताखालचे, आणि हाताखालच्यांचा दर काय? टप्प्याटप्प्याचा अंदाज लेखी द्या, आणि तो ओलांडायच्या आधी मला फोन करा, असं सांगा. मुद्दे घरून ठरवून आणले तर मसुद्यापुरती ठोक रक्कम घ्याल का, हेही विचारा. पुष्कळजण घेतात. आणि एक कसोटी माझी : ज्यांनी तुमच्या कंपनीबद्दल एकही प्रश्न न विचारता आकडा सांगितला, तो आकडा तुमच्या कराराचा नाहीच. तो कोणाच्याही कराराचा आहे.

प्रश्न : माझ्या होणाऱ्या बायकोच्या घरची सांपत्तिक स्थिती माझ्याहून कितीतरी वरची आहे. करार त्यांना हवा आहे, मला हरकत नाही. माझ्या वकिलाची फी तेच भरतो म्हणतात. घेऊ का? मिंधेपणा वाटतो. शिवाय तो वकील मग माझा की त्यांचा?

उत्तर : घ्या. करार ज्याला हवा त्याने दुसऱ्याच्या वकिलाची फी भरणं अगदी रूढ आहे आणि त्यात त्यांचाच फायदा आहे. तुम्हाला नीट सल्ला मिळाला हे उद्या त्यांनाच सिद्ध करावं लागेल. मिंधेपणा कसला?

फक्त वकील तुम्ही शोधा, त्यांच्या ओळखीचा नको. फी सल्ल्याची आहे, सहीची नाही. तुम्ही सही केली नाही तरी ती द्यायची, हे आधी एका ओळीत लिहून घ्या. वकील काय म्हणाला ते त्यांना सांगायला तुम्ही बांधील नाही, पैसे त्यांनी भरले असले तरी.

आणि तारीख सांभाळा. बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्स आणि त्यांच्या पत्नीने १९८८ साली लग्नाच्या आदल्या दिवशी करारावर सही केली. त्यांच्या बाजूला वकील होते, तिच्या बाजूला कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो करार टिकवला, पण त्यानंतर तिथल्या कायद्यातच बदल झाला : करार हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान सात दिवस जायला हवेत. इंग्लंडच्या विधी आयोगाने २०१४ च्या अहवालात लग्नाआधीच्या २८ दिवसांत केलेला करार बंधनकारक धरू नये अशी शिफारस केली.

यापेक्षा बोलकं प्रकरण ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या उच्च न्यायालयाने (तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच) २०१७ साली निकाल दिला. वर श्रीमंत बांधकाम व्यावसायिक, वधू दुसऱ्या देशातून त्याच्यासाठी आलेली, जवळ पैसे नाहीत. लग्न चार दिवसांवर असताना सही झाली. तिला स्वतंत्र वकील होती आणि त्या वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं, सही करू नकोस. तिने केली, कारण नाही केली तर लग्न होणार नाही असं त्याने बजावलं होतं. कोर्टाने करार रद्द केला. म्हणजे दोन्ही वकिलांची फी भरूनही सगळं पाण्यात गेलं, कारण तिला नाही म्हणायची जागाच उरली नव्हती. होणाऱ्या सासरच्यांना हे प्रकरण जरूर सांगा, ते तुम्हाला वेळ द्यायला लगेच तयार होतील.

प्रश्न : लग्न तीन आठवड्यांवर आलंय, करार राहून गेला. लग्नानंतर केला तर स्वस्त पडेल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी उलटंच. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. तिथे लग्नाआधी नोटरीपुढे करार करायचा, सहीपासून तीन महिन्यांत नोंदवायचा, की झालं. केला नाही तर दोघांची मालमत्ता आणि कर्जं एकत्र धरली जातात. ते नंतर बदलायचं तर दोघांनी मिळून वरिष्ठ न्यायालयात अर्ज करायचा, घेणेकऱ्यांना कळवायचं. खर्चाची पायरीच बदलते.

सगळीकडे इतकं कडक नसतं. काही देशांत लग्नानंतरचा करार चालतो आणि इंग्लंडमध्ये २०१० नंतर दोन्हींकडे जवळपास सारख्याच नजरेने बघतात. पण नवरा-बायको झाल्यावर एकमेकांचे हक्क आधीच जन्माला आलेले असतात, ते सोडवून घ्यायला वकिलाला जास्त काम पडतं.

तीन आठवड्यांत घाईने उरकू नका. दोघांकडे काय आहे त्याची यादी आज करा, तारीख घाला, दोघांनी सही करा, उतारे जोडा. एवढ्याला वकील लागत नाही. करार नंतर निवांत करा, कायदा चालवत असेल तर.

प्रश्न : आम्ही दोघंही नुकतेच नोकरीला लागलोय. मालमत्ता म्हणावी असं काही नाही. त्याच्यावर शिक्षणाचं मोठं कर्ज आहे. तरी करार करावा का?

उत्तर : मालमत्ता नसली तरी कर्ज आहे, आणि तेच कलम तुम्हाला हवंय : लग्नाआधीचं कर्ज ज्याचं त्याने फेडायचं, दुसऱ्याने फेडायला मदत केली तर त्याची नोंद ठेवायची. असा करार छोटा असतो, मुद्दा एकच असतो, त्यामुळे ठोक फी मागा आणि कमी मागा. मात्र दोघांना दोन वकील, तेवढं सोडू नका. करार आपसांतला असतो, बँकेला तो बांधत नाही. त्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात तर बँक तुमच्या दारात येणारच, करारात काहीही लिहिलेलं असो. सह्या करण्याआधी कर्जाच्या कागदावर तुमचं नाव कुठे आहे का, ते पाहून घ्या.